दाराबाहेरचं बाकडं

रात्रीचे दोन वाजून गेलेत. जिल्हा रुग्णालयाचा पहिला मजला. 'प्रसूती कक्ष. पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी लावलेल्या दारासमोर एक लांब लोखंडी बाकडं आहे आणि त्यावर पाच पुरुष बसलेत. एक जण एमआयडीसीतल्या सेकंड शिफ्टवरून थेट आलेला, अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट. एकाच्या मांडीवर नायलॉनची पिशवी; तिच्यात धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे तुकडे, थर्मास, बिस्किटाचा पुडा आणि कागदांची फाइल. एक जण बसल्या बसल्या झोपलाय. आतून मधूनच कण्हण्याचा आवाज येतो आणि बघता बघता वर चढतो. आवाज आला की जागे असलेले सगळे आधी दाराकडे बघतात, मग एकमेकांकडे. निळा शर्टवाला शेजाऱ्याला हळूच विचारतो, "ही तुमची का?" शेजारी नुसती मान हलवतो. नाही म्हणतोय की माहीत नाही म्हणतोय, कळत नाही. वर्षभराच्या संसारात बायकोचा असा आवाज त्याने कधी ऐकलेलाच नसणार.

दार किलकिलं होतं. सिस्टर एक नाव पुकारतात. पिशवीवाला ताडकन उठतो. सिस्टर त्याच्या खांद्यावरून मागे बघत विचारतात, "बाई कुणी नाही का सोबत?"

मागून त्याची सासू पदर सावरत पुढे येते. पिशवी तिच्या हातात जाते, दार मिटतं, तो परत बाकड्यावर.

असं एक बाकडं मीही झिजवलं आहे. आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी, बायकोच्या माहेरच्या गावी. चौदा तास. त्या चौदा तासांत मी तीनदा औषधाच्या दुकानात गेलो, दोनदा झेरॉक्स काढून आणली, सासऱ्यांबरोबर सहा कप चहा प्यालो आणि फोनवर किमान वीस जणांना 'अजून नाही' असं सांगितलं. बाळंतपणात पुरुषाचं काम काय, असं आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: धावपळ. या शब्दाला मी हसणार नाही. रात्री रक्ताची पिशवी आणायला दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीत मोटरसायकल मारणारा माणूस आणि १०८ रुग्णवाहिकेला रस्ता दाखवायला फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहणारा माणूस, या दोघांनी कितीतरी बायका वाचवल्या आहेत. पण धावपळ ही दाराबाहेरची गोष्ट. दाराच्या आत जे चौदा तास चालले होते त्याबद्दल बायकोने पुढे मला एकच वाक्य सांगितलं. तिला त्या दिवसाचं सगळ्यात ठळक काय आठवतं, तर डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट.

पाटीचा इतिहास

'नवऱ्याने बाळंतपणाला आत जाणं' म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ही इंग्रजी सिनेमातली थेरं. मीही तसंच समजत होतो. मग महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात एक शब्द भेटला: सोष्यन्तीकर्म. सोष्यन्ती म्हणजे जिची प्रसूतीची वेळ भरत आली आहे अशी स्त्री. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून करायचा हा संस्कार. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातही तो आहे: नवऱ्याने तिच्या अंगावर पाणी शिंपडायचं. त्यापुढचा संस्कार जातकर्म. तो मनुस्मृतीच्या सांगण्याप्रमाणे नाळ कापण्याआधी करायचा आणि करणारा बाप. सोन्याने मध-तूप चाटवायचा तो विधी हाच. (आज कुणी तो मनावर घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको.) हे विधी घरोघरी किती होत असतील कोण जाणे, पण ते सांगणाऱ्यांनी बापाला पाणी शिंपडता येईल इतक्या अंतरावर धरलं होतं एवढं खरं.

रूढीने मात्र त्याला लांब ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला नियम. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेकीला घेऊन जायचं. नवरा मागे दुसऱ्या गावात. बातमी यायची ती पोस्टकार्डाने, फार तर तारेने. त्याला सोयर मात्र लागायचं. दहा दिवस देवाला शिवायचं नाही. आपल्या घरात काही घडलं आहे याची एवढीच नोंद रूढी त्याच्या नावावर करायची.

आणि ती पाटी? तिलाही कारण होतं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची बाई पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करायची. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाला त्यांनी विषय घेतला होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत फक्त बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुरुषांना प्रवेश नाही, एवढ्या एका भरवशावर बायका दवाखान्याची पायरी चढल्या. पाटी बदला म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

फक्त, तेव्हाची ती बाई एकटी नव्हती. माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत सुईण असायची, आई, मावशी, शेजारची चार बाळंतपणं केलेली आजी. कुणी कंबर दाबतंय, कुणी चुलीवर पाणी ठेवतंय, कुणी नुसतंच 'होतंय गं, होतंय' म्हणत बसलंय. त्या खोलीत जंतुसंसर्ग होता आणि मरणही होतं, तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आज महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८ ते २० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. ही कमाई मोठी आहे. पण खोलीतून दवाखान्यात येताना बाईच्या भोवतीचा गराडा दाराबाहेर राहिला. आजी, मावशी, आई सगळ्या बाकड्यावर, आणि आत बाई एकटी. नवऱ्याची अनुपस्थिती पूर्वी कुणाला खटकली नसेल, कारण त्याची जागा भरलेली होती. आज ती जागा रिकामी आहे.

एका पडद्याची गोष्ट

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ठरवलं की सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येकीसोबत एक सोबतीण आत असू द्यावी. सरकारी भाषेत बर्थ कम्पॅनियन. अटी साध्या: सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावं, उपचारात ढवळाढवळ करू नये आणि शेजारच्या बाईकडे लक्ष घालू नये. (ही शेवटची अट लिहिणाऱ्याने आपल्या बायका पाहिलेल्या आहेत.) आणि एक ओळ नवऱ्यासाठी: जिथे खासगीपणा जपण्याची सोय असेल तिथे नवऱ्यालाही सोबत म्हणून आत घेता येईल. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूती कक्ष सुधारण्यासाठी 'लक्ष्य' हा कार्यक्रम आला. बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा त्याचा एक भाग. म्हणजे तिच्यावर ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत. हे नियमात लिहावं लागलं, यावरून आत काय चालत आलं असेल ते समजून घ्या.

तर सगळं त्या एका ओळीवर अडलेलं आहे. खासगीपणाची सोय. सरकारी प्रसूती कक्षात एकाच खोलीत तीन-चार टेबलं असतात. मधे पडदे असले तर असतात, धुवायला गेले की महिनोन्‌महिने परत येत नाहीत. एका टेबलाशेजारी परका पुरुष उभा राहिला तर बाकीच्या तिघींनी काय करायचं? नवऱ्यांना बाहेर ठेवणाऱ्या सिस्टरांना आपण खडूस म्हणतो, पण त्या तीन बायकांच्या बाजूने तिथे बोलणारं दुसरं कुणी नसतं. बाप आत जाणार की नाही, हा प्रश्न आपण पुरुषांच्या मानसिकतेचा समजतो. निम्मा तो आहेही. उरलेला निम्मा पडद्याचा, भिंतीचा आणि खाटांच्या संख्येचा आहे, आणि त्यावर समुपदेशनाचा उपयोग नाही, सुतार बोलवावा लागतो.

आणखी एक कारण सिस्टर उघडपणे सांगत नाहीत. त्यांना नातेवाइकांची भीती वाटते. डॉक्टर-नर्सना मारहाण होते म्हणून महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा असताना, दारू पिऊन आलेला एखादा 'काय चाललंय आत' म्हणून घुसला तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. एकाने केलेल्या तमाशाची किंमत पुढचे शंभर जण बाकड्यावर बसून चुकवतात.

खासगी नर्सिंग होममध्ये स्वतंत्र खोली असते, म्हणून तिथे प्रश्न मिटला म्हणावा तर तसंही नाही. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच नवऱ्याला बोलावतात, काही ठिकाणी अर्धशिक्षित नातेवाईक प्रश्न विचारतील म्हणून नको म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत तर हे पॅकेजचं कलम झालं आहे. सातव्या महिन्यापासून जोडप्यांचे वर्ग, श्वासाचे धडे, बाहुलीला लंगोट बांधायची प्रॅक्टिस. अशा एका वर्गात मी मागे बसलो होतो. बारा नवरे सतरंजीवर मांडी घालून, आयटीतले, बँकेतले. बाहुलीचं डोकं सांभाळताना सगळे गंभीर, जणू कोड रिव्ह्यू चालला आहे. हसू आलं, पण जरा हेवाही वाटला. आपल्याला कुणी एवढंही शिकवलं नव्हतं.

आत काय करायचं असतं

सोबतीने फरक पडतो का, याचा अभ्यास झालेला आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली होती. जिच्याजवळ कुणीतरी सलग होतं तिची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढली, सिझेरियनची कमी झाली, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी आटोपला आणि 'तो अनुभव वाईट होता' असं म्हणणाऱ्या बायका कमी निघाल्या. इंजेक्शन नाही, मशीन नाही, नुसतं माणूस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तर प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा असंच म्हटलं.

तिच्या पसंतीचा. हे अभ्यास नवऱ्यांचे नाहीत, सोबतीचे आहेत. बऱ्याच ठिकाणी ती सोबत बाईचीच होती. मिशेल ओदाँ नावाचे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ तर सांगत आले की घाबरलेला नवरा आत असला की बाईचंही अंग आखडतं, त्याला बाहेर चहा पिऊ द्या. मला हे सगळं पटत नाही, पण त्यात तथ्य नाही असंही म्हणवत नाही. जिला आपली आई हवी आहे तिच्याजवळ आई असावी. तिथे नवऱ्याने 'आजकालचा बाप' व्हायच्या हौसेने सासूला उठवू नये. आणि फोन बाहेर ठेवावा. कळांमध्ये तोंड वेडंवाकडं झालेल्या बाईला रीळ नको असते.

दुसऱ्या वेळी मी आत होतो. बायकोनेच सांगितलं होतं, या खेपेला तू. तयारी म्हणाल तर फार नव्हती. कळा पाच-पाच मिनिटांनी यायला लागल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकते आहे आणि तासभर हेच चाललं आहे, म्हणजे निघायचं, एवढं पाठ केलं होतं. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेलं किंवा पोटातली हालचाल मंदावली तर घड्याळ बघत बसायचं नाही, हेही. रक्तगट दोघांचा माहीत हवा. तिचा निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि नवऱ्याने स्वतःचं रक्त बायकोला द्यायला सरसावणं सिनेमात छान दिसतं. डॉक्टर ते टाळतात, कारण त्यातून पुढच्या गरोदरपणात गुंतागुंत होऊ शकते. आपलं रक्त पेढीला द्यावं, तिच्यासाठी पेढीतलं घ्यावं.

आत गेल्यावर पहिले काही तास विशेष काही घडत नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं. पहिलटकरणीला तर कळा जोर धरल्यावरही बारा-बारा तास लागू शकतात. व्हरांड्यात हळूहळू चालवायचं, कळ आली की थांबायचं, तिला आपल्या गळ्यात हात टाकून लोंबकळू द्यायचं. पाण्याचे घोट द्यायचे, विचारून. 'पाणी हवं का, पंखा करू का, कुशीवर वळतेस का' अशी प्रश्नपत्रिका काढायची नाही. पेला पुढे धरायचा. हवा असेल तर ती पिते. आमच्या सिस्टरांनी मला एक गोष्ट हाताला धरून शिकवली. माकडहाडाच्या वर, कमरेखाली एक सपाट हाड लागतं. कळ आली की तिथे मनगटाजवळचा तळवा रुतवून दाबायचं, चोळायचं नाही, दाबून धरायचं. मी बिचकत दाबत होतो. "अहो, पुरी लाटताय का? भाकरी थापायचा हात लावा," सिस्टर म्हणाल्या. पुढचे चार तास मी तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी माझी मनगटं सुजली होती आणि हे मी कुणाला सांगायची सोय नव्हती. जिने खरं काम केलं ती समोरच झोपली होती.

मग एक वेळ अशी येते की ती म्हणते, आता मला जमत नाही, मला घरी न्या. शिव्याही देते. आमच्याकडे माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला. त्या वेळी वाद घालायचा नाही, तत्त्वज्ञान सांगायचं नाही. बहुतेकदा याचा अर्थ असा की आता फार वेळ राहिलेला नाही. शेवटच्या टप्प्यात तिच्या डोक्याच्या बाजूला उभं राहावं. पुढे काय चाललंय ते डॉक्टर बघतात. 'जोर लाव, जोर लाव' असा कबड्डीचा ओरडा करायला तिथे आधीच दोन-तीन माणसं असतात, आपण त्यात भर घालू नये. गरगरलं तर सरळ खाली बसावं, लाज वाटून उभं राहू नये. भिंतीवर आपटलेल्या नवऱ्याच्या कपाळाला टाके घालायला त्या वेळी कुणाला सवड नसते.

बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. वार पडेपर्यंत आणि त्यानंतरचा तास-दोन तास बाईच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात. अतिरक्तस्राव बहुधा तेव्हाच होतो. बाळाला बघायला दहा डोळे असतात. दोन डोळे तिच्यावर ठेवणं, हे नवऱ्याचं काम. नाळ किमान मिनिटभर थांबून कापतात, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, पहिल्या तासात पाजायला घेतात. बाहेर काकू-आत्या पेढ्यांची घाई करत असल्या तरी हा तास कुणाला देऊ नये.

सिझेरियनचं काय? महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं, खासगी दवाखान्यांत त्याहून बरंच जास्त. सगळी अनावश्यक असतात ही समजूत चुकीची, सगळी आवश्यक असतात हीसुद्धा. बाहेर आलेला डॉक्टर फॉर्म पुढे करतो आणि नवरा सही करतो, हे दृश्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात गैर काही वाटत नाही. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची तिनेच द्यायची. नवऱ्याच्या सहीने तिची सही भरून निघत नाही. नवऱ्याने करायचं ते एवढंच की शांतपणे विचारायचं: आत्ता घाई आहे की थोडं थांबता येईल? थांबलो तर धोका कुणाला? आणि जे कळलं ते तिला सांगायचं. घाई आहे म्हणाले तर बाजूला व्हायचं.

जावईबापू आले

आपल्याकडे बापाची खरी परीक्षा नंतर असते आणि तिला तो बहुधा बसतच नाही. बाळंतीण माहेरी, सव्वा महिना, काही घरांत तीन महिने. नवरा शनिवारी संध्याकाळी येतो. येताना हातात सफरचंदं नाही तर पेढे. तो येणार म्हणून सकाळपासून सासूबाईंनी पुरण शिजवलेलं. म्हणजे जी बाई रात्रभर नातवासाठी जागते, लेकीला शेक-शेगडी करते, डिंकाचे लाडू वळते, ती आज जावयासाठी पुरणपोळ्या लाटते. जावई टीव्हीसमोर बसतो. बाळ त्याच्या मांडीवर आणून ठेवलं जातं, फोटो निघतो, बाळ रडतं, परत आत नेलं जातं. ओवा-शेपांच्या धुरीचा वास येणाऱ्या त्या खोलीत तो दारापर्यंत जातो आणि विचारतो, "बरंय ना?" ती म्हणते, "बरंय." रविवारी दुपारच्या गाडीने तो परत.

मी हे केलं आहे म्हणून लिहितो आहे. ती 'बरंय' म्हणाली तेव्हा तिच्या टाक्यांत पू झाला होता आणि स्तनांना गाठी आल्या होत्या. ते मला पुढे दोन वर्षांनी कळलं, तेही ती तिच्या बहिणीला सांगत असताना.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, थंडी वाजून ताप येतोय, डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, यातलं काहीही असलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. हे बाळंतिणीला माहीत असलं तरी ती सांगत नाही. 'बाळंतपणात एवढं चालायचंच' हे तिच्या कानावर पिढ्यानुपिढ्या पडलेलं असतं. मनाचं तर बोलायलाच नको. पहिल्या आठवड्यात रडू येतं ते बहुतेकींचं आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही तिला बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, आपण नकोशा झालोय असं वाटत असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. त्याला 'नाटकं' म्हणणारी माणसं घरात असतातच. त्यांच्या आणि तिच्या मधे उभं राहणं, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. बापांनाही हे होतं. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात दहातल्या एका बापामध्ये नैराश्याची लक्षणं आढळली होती. पण बाप कुणाला सांगणार? त्याची ओटी भरलेली नसते.

आणि बाळ कमी वजनाचं निघालं तर? उघड्या छातीवर बाळाला बांधून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात काचपेट्या पुरत नव्हत्या. आता ती आपल्या सरकारी नवजात कक्षांतही आहे. छाती बापाचीही चालते. शर्टाची बटणं सोडून, दीड किलोचा जीव उराशी धरून तासन्‌तास न हलता बसलेला शेतकरी मी पाहिला आहे. धावपळीत मुरलेल्या माणसाला न हलता बसायला लावणं, हा त्या उपचाराचा दुसरा फायदा.

रजा

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. आईची रजा २०१७ मध्ये १२ वरून २६ आठवडे झाली. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र कायद्यात एक दिवसही नाही, कंपनीची मर्जी. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. सातव २०२१ मध्ये कोविडनंतर गेले. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला ३६ धावांत संघ गारद झालेला असताना विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी परतला, तेव्हा चहाच्या टपरीपासून चॅनेलपर्यंत सगळ्यांना पितृत्व रजेवर मत होतं. १९७६ मध्ये मुलाचा, रोहनचा, जन्म झाला तेव्हा सुनील गावसकर परदेश दौऱ्यावर होते, हा दाखला त्या वेळी दोन्ही बाजूंनी दिला गेला.

पण रजेची चर्चा ज्यांना पगार आहे त्यांची. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं काय? तिथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल दोघांच्या नावावर घेतलेली, हिशेब दोघांचा. ती फडात बाळंत झाली तर एक खाडा तिचा, आणि तो तिच्याजवळ थांबला तर त्याचाही. माहेर दोनशे किलोमीटर मागे, सासू म्हातारी झाली म्हणून गावात राहिलेली. पाचटाच्या कोपीत तिच्याजवळ असतो तो नवराच, ना वर्ग केलेला, ना काही माहीत असलेला. सोबतीच्या सगळ्या चर्चेत या माणसाइतका 'आत' असलेला बाप दुसरा नाही, आणि त्याला काय करायचं ते सांगावं असं कुणाला वाटत नाही.

एक शेवटची गोष्ट, जिच्यावर बाकड्यावरची माणसं एकदम गप्प होतात. दुसरं मूल झालं की 'आता ऑपरेशन करून टाकू' हे ठरलेलं, आणि ते तिचंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती. ज्यांच्या नवऱ्यांची झाली होती त्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया छोटी, बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी जाता येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं पोट उघडण्यापेक्षा कितीतरी सोपी. 'माझी काही हरकत नव्हती हो, पण आई म्हणाली कष्टाचं शरीर आहे,' असं मला निळ्या शर्टवाल्याने सांगितलं. आत त्याच्या बायकोला कळा येत होत्या. ते कष्टाचं शरीर कुणी मोजलं नव्हतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वडिलांना फोन केला. त्यांचं वय आता ७८. माझ्या जन्माच्या वेळी ते तालुक्याच्या गावी नोकरीला होते, तार तिसऱ्या दिवशी मिळाली, मग एसटीने आले. ही गोष्ट आई नेहमी सांगते: आले, पायातल्या वहाणा काढल्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभेच राहिले, आतही येईनात, बसेनातही. आईच्या मते ते रागावले होते, तार उशिरा केली म्हणून. पन्नास वर्षं ती हेच समजते आहे.

"आत का नाही गेलात?" मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "तुझी आजी बसली होती ना दारात. या म्हणालीच नाही."